दोन ते चार, फक्त बायकांसाठी

सैनबा फाटकातून आत आली ती एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात मोबाइल घेऊन. तंकमणी अंगणात वाळत घातलेल्या मिरच्या उलटवत होती. तिनं मान वर केली तोवर सैनबा पायरीवर टेकलीसुद्धा.

"चेची, माझं खातं बंद करतायत म्हणे."

"कुठलं खातं?"

"तू उघडून दिलेलं. मेलचं. आता नवा नियम आलाय. दोन वर्षं उघडलं नाही तर कंपनी आतलं सगळं पुसून टाकते. व्हॉट्सॲपवर आलंय."

"व्हॉट्सॲपवर तर रोज जग बुडतं."

"तसलं नाही गं हे. कोळिकोडची माझी भाची बँकेत आहे, तीही म्हणाली की खरं आहे."

तंकमणीनं खांद्यावरच्या पंच्याला हात पुसले. केरळातल्या या पोन्नानीत अजूनही अर्ध्या गल्लीची ती 'चेची' होती, म्हणजे थोरली बहीण, आणि उरलेल्या अर्ध्या गल्लीची 'टीचर'. दुकान बंद करून तेरा वर्षं झाली होती, तरी कुणाचा फोन अडकला की लोक तिच्याच पायरीवर येऊन बसत.

"एवढं आहे काय त्यात?"

"यांची पत्रं. नऊ वर्षांची."

"अलवी घरी आहे ना? मग असं का बोलतेस, देव न करो, गेल्यासारखं?"

"घरी आहेत म्हणूनच तर!" सैनबा उसळून म्हणाली. "चौदा वर्षं झाली शारजाहून येऊन. चहा, पेपर, बातम्या, परत चहा. काल दिवसभरात माझ्याशी चार शब्द बोलले. मी मोजले. 'पंखा लाव' आणि 'पंखा थांबव'. मला पत्रं लिहायचा तो माणूस तिथंच राहिला गं बहुतेक. निदान त्याची पत्रं तरी पुसू नयेत."

"मुलाला सांगायचं होतंस. त्यानं दोन मिनिटांत केलं असतं."

"मुलानं बापाची तसली पत्रं वाचायची? आणि मागं सून उभी राहून? काहीतरीच तुझं."

"बरं. पासवर्ड सांग."

"मला कुठला आठवतोय! तो तुलाच माहीत."

"मला नाही माहीत," तंकमणी सावकाश म्हणाली. "मीच तर तुला बदलायला लावला होता."

सैनबा तिच्याकडे बघत राहिली आणि मग तिच्याही डोक्यात प्रकाश पडला. "हो की गं," ती हळूच म्हणाली. "थोरले दीर, कुंजालनक्का, आले होते तेव्हा."

त्या दिवसाला आता वीस वर्षं झाली होती.

बंदराकडून बसस्टँडकडे जाणाऱ्या गल्लीत तंकमणीच्या वडिलांचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. वडील गेले, टाइपरायटरचे दिवसही गेले, आणि सदतीस वर्षांच्या तंकमणीनं सात मशीन भंगारात घालून चार कॉम्प्युटर आणले. मधे प्लायवुडच्या फळ्या, दाराला फुलाफुलांचे पडदे. सकाळ-संध्याकाळ कॉलेजची मुलं यायची. दुपारी दोन ते चार मात्र दारावर पाटी लागायची: फक्त बायकांसाठी.

ते दोन तास म्हणजे जत्रा होती. जेवणं उरकून, भांडी पालथी घालून बायका यायच्या. पायरीवर चपलांची रास पडायची आणि जाताना हमखास कुणाच्या तरी पायात दुसरीची चप्पल जायची. प्रत्येकीचं माणूस आखातात. कुणाचा शारजाला, कुणाचा दम्मामला, कुणाचा दोहाला. तोवर पत्र जायला पंधरा दिवस, यायला पंधरा दिवस, आणि फोन म्हणजे अख्ख्या घरासमोर उभं राहून 'बरं आहे, बरं आहे' म्हणायचं. इथं पडद्याआड बसून हवं ते लिहिता यायचं. सुरुवातीला तंकमणीच टाइप करून द्यायची. बाई सांगायची, मधेच लाजून थांबायची आणि म्हणायची, "पुढचं तूच लिही ना काहीतरी." तंकमणी म्हणायची, "माझा नवरा नाही तो. स्वतःच्या बोटानं लिही." असं म्हणत म्हणत तिनं सगळ्यांना अक्षरं दाखवली. मल्याळम लिहायची, पण अक्षरं इंग्रजी. एका बोटानं एकेक अक्षर शोधत सैनबा चार ओळींना पाऊण तास लावायची. ऐन वेळी फोन वाजायचा, त्याच तारेवरचं इंटरनेट तुटायचं आणि चारही पडद्यांमागून एकदम हाय हाय व्हायची.

पुढे कॅमेरा आला. मग बाळांना काजळ घालून आणायला लागल्या. बीवात्तूनं आपलं पोर कॉम्प्युटरच्या टेबलावर उभं केलं आणि त्यानं पहिलं पाऊल टाकलं ते थेट की-बोर्डवर. तिकडे दम्मामला बापानं ते पाहिलं. इकडे सगळ्याजणी रडल्या, आणि तंकमणीचा एक की-बोर्ड गेला.

पासवर्ड मात्र कुणाच्या लक्षात राहायचे नाहीत. आज ठेवला की परवा विसरला. म्हणून तंकमणीनं एक वही केली. प्रत्येकीचं नाव, पुढे खात्याचा पत्ता, पुढे पासवर्ड. कुणाचा मुलाच्या नावाचा, कुणाचा माहेरच्या घराचा, एकीचा तर नुसता 'बिर्याणी'. वही टेबलाच्या खणात असायची. खणाला कुलूप नव्हतं, आणि असावं असं तंकमणीच्या कधी मनातही आलं नाही. ती वही म्हणजे तिला आपण करत असलेली मोठी सेवा वाटायची. तिला तिचा अभिमान होता.

मग एका सकाळी कुंजालन आला. अलवीचा थोरला भाऊ, खोबऱ्याचा व्यापारी, मशिदीच्या कमिटीवर. गल्लीत त्याचा शब्द कुणी खाली पडू देत नसे. तो पायरीवर चप्पल न काढता उभा राहिला.

"टीचर, एक काम होतं. अलवीच्या बायकोचा तो जो काय पासवर्ड असतो, तो हवा होता."

"तो तिच्याकडे मागा."

"घरातली गोष्ट आहे. अलवी परवा फोनवर एकदम म्हणाला, वेगळं घर बांधतो. माझा भाऊ असा नव्हता. ती त्याला काय लिहिते ते मला बघायचंय."

"मला कसं माहीत असणार तिचा पासवर्ड?"

कुंजालन हसला. वाईट हसला असं नाही, थोरल्या माणसासारखा हसला. "टीचर, तुमच्या खणात वही आहे. माझ्याच बायकोनं सांगितलं. तिचाही आहे ना त्यात."

खण तिच्या गुडघ्यापाशी होता. हात लांब केला असता तर त्यालाही उघडता आला असता. आजवर कुणी उघडला नव्हता तो केवळ कुणाच्या मनात आलं नाही म्हणून.

"वही आज घरी आहे," ती म्हणाली. आयुष्यात इतकं सफाईदार खोटं ती पहिल्यांदाच बोलली.

"मग उद्या दहाला येतो," तो म्हणाला आणि छत्री उघडून निघून गेला.

तंकमणी अर्धा तास तशीच बसून राहिली. कुंजालनचा राग यायला हवा होता, पण राग आला तो स्वतःचा. एकतीस बायकांच्या मनातलं तिनं एका खणात ठेवलं होतं, आणि त्याला ती सेवा म्हणत होती.

मग तिनं फोन उचलला. ज्यांच्या घरी फोन नव्हता त्यांना शेजारणींकडून निरोप गेला: आज दुपारी न चुकता ये, काम आहे. दोनच्या आधीच पायरी चपलांनी भरून गेली. तंकमणीनं दार लोटून घेतलं आणि सगळ्यांना झालेली गोष्ट सांगितली. कुणाचं नाव मात्र घेतलं नाही. तरी कोपऱ्यातली मरियुम्मा, कुंजालनची बायको, खाली मान घालून बसली.

"चूक माझी आहे," तंकमणी म्हणाली. "आता एकेक जण आत जा आणि पासवर्ड बदला. नवा मला सांगायचा नाही. बहिणीला नाही, जावेला नाही, नवऱ्यालासुद्धा नाही."

"नवऱ्याला पण नाही?" एकीनं विचारलं.

"नवऱ्याला तर मुळीच नाही!" बीवात्तू म्हणाली आणि सगळ्या फिसकन हसल्या.

"आणि विसरलो तर?" सैनबानं विचारलं.

"विसरलात तर विसरलात. लक्षात ठेवायला शिका. तुम्हाला सासरच्या पन्नास माणसांचे वाढदिवस पाठ, हे एक नाही राहणार?"

चार वाजून गेले, पाच वाजले. तंकमणी दाराकडे तोंड करून, पडद्यांकडे पाठ करून बसली होती. बायका अक्षर अक्षर उच्चारत टाइप करत होत्या; आतून पुटपुटणं ऐकू आलं की ती ओरडायची, "मनातल्या मनात!" एकोणतीस जणींचं झालं. दोघी बाळंतपणाला माहेरी गेल्या होत्या. त्यांच्या ओळी तिनं कात्रीनं कापल्या, पाकिटात घातल्या आणि पुढच्या रविवारी स्वतः बसनं जाऊन त्यांच्या हातात दिल्या. बाकीची वही घरी चुलीत गेली. त्यावर तिनं माशाचं कालवण केलं.

दुसऱ्या दिवशी दहाला कुंजालन आला तेव्हा तिनं खण उघडून दाखवला. "वही जाळली. आता कुणाचाच पासवर्ड मला माहीत नाही. शपथ घालून विचारलंत तरी सांगता येणार नाही."

त्याचा चेहरा लाल झाला. "लोकांच्या घरात भिंती घालताय, टीचर," एवढंच तो म्हणाला.

त्याच्या शब्दाचं वजन पुढच्या आठवड्यात कळलं. दोन ते चार दुकान ओस पडू लागलं. घराघरातून सांगितलं गेलं होतं, तिकडे जायचं नाही. दोन महिने तंकमणी रिकाम्या पडद्यांकडे बघत बसली. कॉलेजच्या मुलांवर कसंबसं विजेचं बिल भागायचं. मग एका दुपारी पायरीवर चपला वाजल्या. मरियुम्मा होती. थोरला मुलगा दम्मामला होता तिचा. आत येऊन ती तिसऱ्या नंबरच्या पडद्याआड बसली आणि म्हणाली, "मुलाचा चेहरा दाखव गं. सकाळपासून दोनदा सांगितलं घरात, जाऊ दिलं नाही तर आज चूल पेटवणार नाही." दुसऱ्या दिवशी सहाजणी आल्या, आठवड्यात सगळ्या. कुंजालननं पुन्हा तो विषय काढला नाही. अलवीचं वेगळं घरही झालं, आणि वास्तुशांतीसारखं जे जेवण असतं त्याला कुंजालननंच बकरा पाठवला.

सैनबानं पायरीवर बसल्या बसल्या सुस्कारा सोडला. "मग आता गं?"

"थांब, बघू."

तंकमणीनं चष्मा लावला. फोनवर खात्याचं पान उघडलं आणि 'पासवर्ड विसरलात?' वर बोट ठेवलं. आधी प्रश्न आला: तुमच्या पहिल्या शाळेचं नाव काय? सैनबा खूश झाली, हे तर सोपं होतं. पण मल्याळम शाळेचं नाव वीस वर्षांपूर्वी इंग्रजी अक्षरांत कसं लिहिलं होतं देव जाणे. एका अक्षरानं लिहिलं, दोन अक्षरांनी लिहिलं, शेवटी 'स्कूल' जोडून पाहिलं. तीनदा चुकलं आणि तो रस्ता बंद झाला. खाली दुसरा पर्याय होता: राखीव पत्त्यावर कोड पाठवायचा का? पत्त्याची पहिली दोन अक्षरं दिसत होती, पुढे सगळे ठिपके.

"ए आणि एल," तंकमणीनं वाचलं. "कोण गं हा?"

सैनबानं कपाळावर हात मारला. "दुसरं कोण! त्या दिवशी बदलताना त्यानं विचारलं, आणखी एक पत्ता द्या. मला दुसरा कुठला पत्ता माहीत होता? यांचाच दिला."

"मग चल," तंकमणीनं 'पाठवा'वर बोट दाबलं. "जाऊन कोड माग."

"मी नाही मागणार. हसतील. म्हणतील, या वयात पत्रं?"

"हसू दे. निदान तोंड तरी उघडेल."

अलवी पडवीत आरामखुर्चीत होता. पाय स्टुलावर, पेपर छातीवर. तंकमणीला बघून तो सावरून बसला. तरुणपणी तिच्याचकडे त्यानं टायपिंगची पहिली परीक्षा दिली होती आणि नापास झाला होता.

"अलवी, तुझं मेलचं खातं चालू आहे का?"

"आहे ना टीचर. विजेचं बिल त्यावरच येतं."

"त्यावर आत्ता सहा आकड्यांचा एक कोड आला असेल. तो हवाय."

अलवीनं फोन काढला, बघितला आणि पालथा घातला. "कोड द्यायचा नाही कुणाला. बँकेनं सांगितलंय."

"बायकोलासुद्धा?" सैनबा म्हणाली.

"कुणालाही म्हणजे कुणालाही. हमीदच्या मेव्हण्यानं असाच कोड सांगितला आणि त्याचं खातं साफ झालं. आणि हे बघा, या कंपनीचे असेच तीन मेल आले होते. खातं बंद होणार, खातं बंद होणार. मी फसवणूक समजून उडवले."

"तीन?" सैनबा किंचाळली. "आणि मला सांगितलं नाहीत?"

"तुझं आहे हे मला काय ठाऊक! वर तुझं नाव नव्हतं, नुसते ठिपके होते."

तंकमणीला हसू आवरेना. "तो म्हणतोय ते बरोबर आहे सैनबा. न मागितलेला कोड कुणाला सांगू नये. पण अलवी, हा मागितलेला आहे, माझ्यादेखत. तू सांगू नकोस. फोन टेबलावर ठेव, तिला तिच्या डोळ्यांनी बघू दे."

अलवीनं विचार केला. हे त्याच्या नियमात बसत होतं. फोन टेबलावर आला. सैनबानं आकडे बघितले, आपल्या फोनवर घातले. पहिल्यांदा वेळ संपून गेला, दुसऱ्यांदा सहाच्या जागी आठ पडला, तिसऱ्यांदा खातं उघडलं.

नवा पासवर्ड घालून होईतो तंकमणी अंगणात जाऊन जास्वंदीची पानं मोजत उभी राहिली. परत आली तेव्हा सैनबा खुर्चीच्या काठावर बसून फोनवर बोट सरकवत होती. चारशे अकरा पत्रं.

"काय लिहिलंय गं?" अलवीनं खोकून विचारलं.

सैनबानं आणखी दोन पत्रं उघडून पाहिली. मग म्हणाली, "पत्र्याचे भाव."

"काय?"

"पत्र्याचे भाव. सिमेंट किती पोती लागली. आंब्याला पाणी घातलं का. पोराला जुलाब झाले तर डॉक्टरकडे ने, आईचं ऐकत बसू नको." तिचा आवाज बारीक झाला. "चेची, मला वाटायचं यात... मला वेगळंच आठवत होतं गं."

तंकमणीला पडद्याआडची सैनबा आठवत होती, चार ओळी वाचून झाल्यावर पाच पाच मिनिटं कॉम्प्युटरसमोर नुसती बसून राहणारी. चार वाजले असं सांगायला तंकमणी जायची तेव्हा तिचे कान लाल झालेले असायचे. ते सिमेंटच्या पोत्यांनी झाले होते तर.

सैनबा अजून खाली खाली जात होती. एका जागी तिचं बोट थांबलं. ती अक्षरं जुळवत मोठ्यानं वाचू लागली. "'खिडकी पूर्वेला ठेवायला सांग. मेस्त्री पश्चिमेला म्हणेल, वारा येतो म्हणेल, ऐकू नकोस. तू सकाळी ओट्याशी उभी असतेस तेव्हा ऊन तोंडावर आलं पाहिजे. मी सुट्टीला येईन तेव्हा मला ते बघायचं आहे.'"

अलवी खुर्चीत पुढे सरकला.

"असं लिहिलं होतं मी?"

"तारीख आहे खाली."

"मग आपल्या स्वयंपाकघराची खिडकी पश्चिमेला कशी?"

"मेस्त्रीनं ऐकलं नाही."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही आलात तेव्हा विचारलं कुठं? आल्या आल्या म्हणालात, पंखा लाव."

अलवी उठला आणि आत स्वयंपाकघरात गेला. खरोखरच जाऊन खिडकीकडे बघत उभा राहिला. तंकमणीनं छत्री उचलली. तिला थांबवायचं सैनबाच्या लक्षातच आलं नाही.

पंधरा दिवसांनी दोघींची गाठ मासळीबाजारात पडली. सैनबा मांदेलीचा वाटा घेत होती. रोज दुपारी ती एक पत्र वाचते, तिनं सांगितलं. एकच. अलवीक्का पेपर बाजूला ठेवून विचारतात, "आज मी काय म्हणालो?" निम्मे शब्द लागतच नाहीत, कारण इंग्रजी अक्षरांतलं मल्याळम त्यांनाही आता वाचता येत नाही. मग हा शब्द 'मीठ' की 'मिठी' अशी भांडणं होतात. "मी म्हणते एक, ते म्हणतात दुसरं," सैनबा म्हणाली आणि पदर तोंडाला लावला.

घरी आल्यावर तंकमणीनं मासे साफ केले, हात धुतले आणि कितीतरी दिवसांनी जुना कॉम्प्युटर चालू केला. तिचं स्वतःचं खातं होतंच. त्यात तिला कुठल्या नवऱ्याची पत्रं नव्हती. पण ज्या बायका पुढे स्वतःच आखातात गेल्या त्यांनी तिथून पहिल्या आठवड्यात तिला लिहिलं होतं. मस्कतहून जमीला, दोहाहून राहिला, दम्मामहून बीवात्तू. 'चेची, इथं घरातच कॉम्प्युटर आहे, पण हसायला कुणी नाही.' कामाच्या घाईत तिनं कुणालाच उत्तर दिलं नव्हतं. नंतर देऊ म्हणता म्हणता अठरा वर्षं झाली होती.

तिनं दहाही बोटं की-बोर्डवर ठेवली, वडिलांनी शिकवली होती तशी, मनगटं उचलून. तिघींना तीन पत्रं लिहिली. उशीर झाल्याबद्दल एक ओळ, मग पोन्नानीच्या बातम्या, कोण गेलं, कुणाच्या मुलीचं लग्न झालं, आणि जुन्या दुकानात आता फोनची कव्हरं विकतात.

संध्याकाळपर्यंत दोन परत आली. असा पत्ता अस्तित्वात नाही, असं लिहिलं होतं त्यावर. जमीला आणि राहिला या दोघींची खाती कधीच पुसली गेली होती. तंकमणी ती ओळ वाचत बसली. त्या दोघींनी कुठले पासवर्ड ठेवले होते ते तिला कधीच कळलं नव्हतं, आणि आता कुणालाच कळणार नव्हतं.

बीवात्तूचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. आता मल्याळम अक्षरांत, घाईघाईत लिहिलेलं.

'कोण, टायपिंगवाली चेची? अगं, जिवंत आहेस? तुझा फोन नंबर पाठव आधी. टेबलावर चाललेला माझा मुलगा आता तुझ्याच कामात आहे, लोकांची खाती सांभाळतो म्हणे. त्याला मी सांगते, तुझ्या पहिल्या पावलाचा की-बोर्ड चेचीला अजून भरून द्यायचा आहे.'

तंकमणीनं नंबर पाठवला, आणि फोन हातात घेऊन पायरीवर जाऊन बसली.